एक जादा पाटा आणि फसलेला ब्रेक

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात रिकाम्या पिकअप रांगेने उभ्या असल्या की काहींची शेपटी वर उचललेली दिसते. त्यांच्या मागच्या कमानीत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पाटा (पट्टी) वाढवलेला असतो. वीस-वीस किलोचे क्रेट चढले की गाडी मागे बसते, खड्ड्यात धाडकन आपटते, मग कोणीतरी सुचवतंच, "एक पाटा टाकून घ्या."

पाना हातात घ्यायच्या आधी मोजपट्टी घ्या. सपाट जागी मागच्या चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. 20 क्रेट भरून पुन्हा मोजा, 40 भरून आणखी एकदा. समजा पहिल्या 400 किलोंना गाडी 5 सेंटिमीटर बसली आणि पुढच्या 400 किलोंना फक्त 3, तर मधेच कुठेतरी हेल्पर पाटे, म्हणजे भार वाढल्यावरच टेकणारे जादा पाटे, कामाला लागले. बऱ्याच पिकअपची कमान मुद्दामच अशी दोन टप्प्यांची असते: रिकामी असताना मऊ, भरल्यावर कडक.

त्याच जाडीचा पाटा वाढवला तर कडकपणा त्याच्या वाट्यापुरताच वाढतो. जाडीचा हिशेब मात्र घनाचा आहे. 8 मिलिमीटरच्या पाट्यांत भंगारातला 10 मिलिमीटरचा घुसवला, की तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांचं काम करतो. तेवढाच वाकवला तर त्याच्यावर ताणही जास्त येतो, त्यामुळे तोच आधी तुटायचा, तोही बहुतेक सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी. तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवू नका. त्या उष्णतेने कमानीचं पोलाद जोडाशेजारी ठिसूळ होतं.

पण खरी गंमत ब्रेकमध्ये आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो. हौदा रिकामा असला तर मागची चाकं हलकी पडून आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरू शकते. म्हणून अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. गाडीखाली वाकून पाहिलंत तर चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) तो आणि त्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत (चाकांच्या आसापर्यंत) गेलेली बारीक दांडी किंवा स्प्रिंग दिसेल. त्या बिचाऱ्याला वजन कळत नाही, उंची कळते. चासी खाली आली की तो समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो.

आता पाटा वाढवलेली गाडी भरा. ती पूर्वीइतकी बसतच नाही. व्हॉल्व्हच्या लेखी हौदा अर्धा रिकामाच! माळशेज घाट उतरताना मग जास्तीचं काम पुढच्या ब्रेकवर पडतं आणि तेच आधी तापतात. गाडी मात्र ताठ उभी, त्यामुळे चालकाला शंकाही येत नाही.

पाटा टाकायचाच असेल तर त्याच मापाचा टाका आणि त्या दांडीची सेटिंग गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे जाणकाराकडून करून घ्या. आरसी बुकात मंजूर असलेलं वजन पाट्याने वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर जादा टनामागे 2,000.

कुरकुर थांबवायला पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची जुनी खोड आहे. ते झिरपून कमानीच्या टोकांचे रबरी बुश फुगवतं आणि ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचलं तर ब्रेकही जातो. त्यापेक्षा काम झाल्यावर चार-पाचशे किलोमीटरांनी कमान अ‍ॅक्सलला घट्ट धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नव्या रचनेतले पाटे एकमेकांवर बसले की हे बोल्ट हमखास ढिले होतात.