१९० वजा ३४

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा कागद हातात आला की नजर आधी एलडीएलवर, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलवर जाते. समजा, पन्नाशीतल्या एका मधुमेही माणसाचे आकडे असे आहेत: एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६०, एलडीएल १०४. 'थोडंसंच जास्त आहे, चालतंय की,' म्हणत कागद कपाटात जातो.

आता १९० मधून ३४ वजा करा. उरलेले १५६ म्हणजे नॉन-एचडीएल, रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. मधुमेहात हा आकडा १३० च्या आत हवा. जोडीला बीपी किंवा तंबाखू असेल तर १०० च्या आत, आणि हृदयविकार होऊन गेला असेल तर त्याहूनही खाली.

एलडीएल फसवतं, कारण बऱ्याच लॅब ते मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा: १९० – ३४ – ५२ = १०४. ट्रायग्लिसराइड जितकं वाढेल तितकं एलडीएल कागदावर कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित लागूच पडत नाही.

मुळात बिघाड इन्सुलिनचा आहे. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की पोटावरच्या चरबीतून फॅटी अॅसिड सुटून यकृतात येतात. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. तिथे कणाकणांत चरबीची देवाणघेवाण होऊन एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे कणांची संख्या जास्त होते, आणि हे बारीक कण भिंतीत सहज शिरतात.

सोलापुरात दोष लगेच शेंगाचटणीवर येतो. शेंगदाण्यात निम्मं तेल असतं हे खरं, पण ते बहुतांशी असंतृप्त, म्हणजे हृदयाला त्यातल्या त्यात बरं. चटणी चमचाभर असू द्या, मीठ बेताचं ठेवा. लक्ष कडक भाकरीवर ठेवा. पातळ, कुरकुरीत असल्याने आमटीत चुरता चुरता तीन कधी संपल्या कळत नाही, आणि जादा पिष्ट यकृतात ट्रायग्लिसराइडच होतं. साखरेचा चहा, खारी आणि दारूचंही तेच. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी ट्रायग्लिसराइड चांगलंच खाली येतं.

मात्र पथ्याने स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची जागा भरत नाही. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेहींना, एलडीएल 'नॉर्मल' असलं तरी, ही गोळी सुचवली जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहींवरच्या 'कार्ड्स' चाचणीत रोज १० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिनने हृदयविकार, पक्षाघातासारखे मोठे झटके ३७ टक्क्यांनी घटले. गोळीने साखर किंचित वाढू शकते, फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्यावर वेगळे उपचार लागतात.

मधुमेहाने नसा बधिरल्या असतील तर हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असं नाही. अचानक दम लागणं, दरदरून घाम, जिना चढताना नवा थकवा, एवढंच असू शकतं. अॅसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला ईसीजी काढा.