कचरणे वेगळे, ऐपत नसणे वेगळे

आर्थिक धोरण डळमळीत झाले की स्त्री उद्योजक पुरुषांच्या आधी हात आखडता घेतात असे दिसले, की ‘बायका धोका पत्करायला कचरतात’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात धोका नको असणे आणि धोका पेलण्याची ऐपत नसणे यांची सरळसरळ गल्लत असते.

धोक्याची शक्यता मोजता येते, अनिश्चिततेची येत नाही, हा फरक अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच मांडला, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मागे घेता न येणारी गुंतवणूक असेल तर चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते, हेही अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्के यांच्या १९८३ च्या मांडणीपासून परिचित आहे.

घोळ होतो तो पुढे. कच्च्या मालावरील आयातशुल्क वाढणार की नाही हे ठरलेले नाही, अशा वेळी एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन उद्योजक नवे यंत्र घेणे लांबणीवर टाकतात. त्याच्या नावावर तारण ठेवण्याजोगी मालमत्ता आहे आणि बँकेशी जुना व्यवहार आहे, म्हणून तो खेळत्या भांडवलावर कामगारांचे पगार भागवत निवांत थांबतो. तिच्या घरची मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर आहे आणि कर्जाचा इतिहास तोकडा आहे. त्यामुळे बँक सावध झाली की कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी आधी तिचीच कर्जमर्यादा घटते, पुरवठादार आगाऊ रक्कम मागतो आणि हाती आलेली ऑर्डर नाइलाजाने परत करावी लागते. पाहणीत मात्र त्याची नोंद ‘संयम’ अशी होते आणि तिची ‘भीती’ अशी, आणि मला सर्वाधिक चीड येते ती याचीच.

धोक्याविषयीच्या प्रयोगांत स्त्रिया सरासरीने अधिक सावध दिसतात, हे मान्य. तथापि अर्थतज्ज्ञ क्रोसन आणि ग्नीझी यांनी अशा संशोधनाचा २००९ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार व्यवस्थापक आणि व्यावसायिक यांच्यात हा फरक बराच ओसरतो. म्हणून तुलना करायचीच असेल तर एकाच क्षेत्रातील, सारख्या वयाच्या आणि सारखे तारण असलेल्या उद्योगांची करावी. त्यानंतर जी तफावत उरेल तिलाच फार तर स्वभाव म्हणता येईल.

क्षेत्रांमधला फरक किरकोळ नाही, पण गुंतागुंतीचाही नाही: किरकोळ विक्री आणि सेवांत स्त्रिया अधिक असल्याने आयातशुल्कापेक्षा ग्राहकांच्या आखडलेल्या खर्चाचा फटका त्यांना लवकर बसतो. पाळणाघरांच्या अनुदानाचे भवितव्य लटकले तर मुलांची जबाबदारी जिच्यावर आहे तिचे कामाचे तासच अनिश्चित होतात, आणि उद्योगधोरणाच्या चर्चेत हा विषय सहसा येतही नाही.

या गल्लतीमुळे स्त्रियांना आत्मविश्वासाची शिबिरे दिली जातात. गरज असते ती पतहमीची, म्हणजे तारण नसताना कर्जाची हमी घेणाऱ्या व्यवस्थेची, आणि नूतनीकरणाच्या वेळी न घटणाऱ्या कर्जमर्यादेची.