ब्लोअर गप्प का? मोटर गेली की डिस्क?

गॅस फायरप्लेस व्यवस्थित पेटलीय, काच तापलीय, पण खालचा पंखा काही केल्या फिरत नाही. टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मंडळींकडे पहिली थंडी पडली की ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि निदानही ठरलेलं असतं: मोटर गेली. आपण लहानपणापासून सीलिंग फॅन पाहत आलेलो, त्यामुळे कुणीतरी ‘कंडेन्सर बघा’ असंही सुचवतं. पण या छोट्या ब्लोअरच्या मोटरीत बहुतेक वेळा कंडेन्सर नसतोच. तिथे असते एक डिस्क, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ही डिस्क म्हणजे उष्णतेवर चालणारा स्विच. आकार रुपयाच्या नाण्याएवढा, मागे दोन वायर, आणि बऱ्याचदा लोहचुंबकाने फायरबॉक्सच्या तळाला चिकटवलेली. आतली धातूची चकती साधारण ४३ ते ४९ अंश सेल्सिअसला ‘टक्’ करून पलटते, जोड पूर्ण होतो आणि पंखा सुरू होतो. म्हणून ज्योत लावल्यावर पंखा लगेच फिरत नाही. दहा ते वीस मिनिटं थांबावंच लागतं. ज्योत बंद केल्यावरही तो काही वेळ चालू राहतो, तो बिघाड नव्हे.

ज्योत आहे म्हणजे वीजही आहे, असं धरून चालू नका. बऱ्याच फायरप्लेसमध्ये पायलटच्या, म्हणजे मुख्य आग पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीने तापणारं थर्मोपाइल असतं. ते जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट तयार करतं आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ब्लोअरला मात्र घरातली १२० व्होल्टची वीज लागते. हिमवादळात वीज गेली की आग जळत राहते आणि पंखा थांबतो, तो यामुळेच. म्हणून आधी त्या सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहा. भिंतीवरचं एखादं बटण त्या सॉकेटची वीज तोडत असेल, तर तेही तपासा.

आता डिस्क की मोटर, हे कसं ओळखायचं? आग आणि गॅस बंद करा, तास-दीड तास सगळं निवू द्या, ब्लोअरचा प्लग काढा. खालची जाळी उघडून पंख्याचं पिंजऱ्यासारखं चाक बोटाने फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबलं तर बेअरिंग ठीक आहे. चाक अडलं किंवा खरखरलं, किंवा आधी पंखा नुसता गुणगुणत होता पण फिरत नव्हता, तर दोष मोटरीकडचा.

चाक मोकळं असेल तर डिस्कच्या दोन्ही वायर काढून त्या आवरण असलेल्या वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा आणि सांध्यावर टेप लावा. पंख्याच्या वेगाचं बटण सर्वांत जास्त वेगावर ठेवा, मगच प्लग लावा. पंखा फिरला की समजा, मोटर शाबूत आहे आणि दोष डिस्कचा. फिरला नाही तर वेगाचं बटण किंवा मोटर यांपैकी एक. ही चाचणी झाली की जोडलेली वायर काढून टाका, कायमची ठेवू नका. ब्लोअरला प्लगच नसेल आणि वायर थेट भिंतीत गेलेल्या असतील, तर ते काम इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

डिस्क मेलेलीच असते असंही नाही. आमच्याकडे आलेल्या एका माणसाने दोन मिनिटांत मोटर बदलायला सांगितलं होतं. मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो तर डिस्क पत्र्यापासून सुटून वायरीला लोंबत होती. मागच्या साफसफाईत धक्का लागला असणार. उष्णता तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. पत्रा पुसून ती सपाट चिकटवली, आणि पंधराव्या मिनिटाला पंखा फिरला. उलट प्रकारही होतो: डिस्क जोडलेल्या अवस्थेतच अडकते आणि थंडगार फायरप्लेसखाली पंखा चालूच राहतो. मग ती बदलायचीच. नवी घेताना जुन्या डिस्कवर छापलेलं तापमान जुळवा. मोटरीच्या मानाने ती फारच स्वस्त असते.

मोटर मरते ती बहुधा धुळीने. चाकाच्या पात्यांमध्ये कुत्र्याचे केस, गालिच्याचे तंतू आणि करडी धूळ यांचा नमद्यासारखा थर बसतो. चाकाचा तोल जातो, पंखा थरथरतो, बेअरिंग झिजतं. ब्लोअर बाहेर काढून व्हॅक्यूम आणि जुन्या टूथब्रशने प्रत्येक पातं साफ करा. पाणी वापरू नका. तेल द्यायची जागा मोटरीवर दिसत असेल तरच इलेक्ट्रिक मोटरसाठीच्या तेलाचे एक-दोन थेंब द्या, बंद बेअरिंगला ते लागत नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून तात्पुरता आवाज थांबतो, पण तो वंगणाचं काम करत नाही.

पायलट, थर्मोपाइल आणि गॅसची नळी यांना हात लावायचा नाही. ऑन्टॅरिओत गॅसचं काम टीएसएसए या प्रांताच्या तांत्रिक सुरक्षा संस्थेचा परवाना असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं लागतं. गॅसचा वास आला तर पंखा, दिवा, कोणतंही बटण न दाबता आधी सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.