स्विव्हल कुठला घ्यायचा आणि कसा टिकवायचा

नमस्कार मंडळी! पाकिटातून स्विव्हलसोबत हा कागद निघाला म्हणून लगेच कचऱ्यात टाकू नका. दुकानात आणि फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात आणि शनिवारच्या गर्दीत एकेकाला नीट समजावणं आमच्याच्याने होत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

स्विव्हल म्हणजे मधे छोटं अंग आणि दोन टोकांना कड्या, एक कडी धरून ठेवली तरी दुसरी मोकळी फिरते. तारेवर तार गुंडाळायच्या कामात हा प्राणी करतो काय ते आधी बघू. कोअरच्या, म्हणजे जिच्यावर गुंडाळायचं त्या मधल्या तारेचं एक टोक तुम्ही ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात धरता, दुसरं स्विव्हलच्या कडीत अडकवता, स्विव्हल भिंतीतल्या हुकाला, आणि ड्रिल चालू करून बारीक तार बोटांतून सोडत सोडत कोअरवर चढवत नेता. पण ड्रिल फिरवतंय फक्त एक टोक. दुसरं टोक जागच्या जागी अडकून राहिलं तर कोअर फिरण्याऐवजी पिळली जाते, ओला टॉवेल पिळतो ना तशी, आणि पिळलेली तार कडक होत जाते आणि मग चकच्या तोंडाशी टक्कन तुटते, किंवा तुटली नाही तर काम संपवून सोडल्यावर स्प्रिंगसारखी उलटी फिरते आणि चढवलेले वेढे सैल पडतात. गिटारच्या जाड तारा कारखान्यात बनतात तिथे मशीन कोअरची दोन्ही टोकं एकाच वेगाने फिरवतं, हा त्रासच नाही. आपल्याकडे मोटर एक, म्हणून दुसऱ्या मोटरचं काम या नखाएवढ्या वस्तूकडून करून घ्यायचं.

तुमचा स्विव्हल ते काम खरंच करतोय का हे बघायची सोपी पद्धत म्हणजे चिकटपट्टीचे दोन छोटे झेंडे, एक चकजवळ कोअरवर लावा आणि एक स्विव्हलजवळ, आणि ड्रिल अगदी हळू, बोट ट्रिगरवर नुसतं टेकवून फिरवा. दोन्ही झेंडे बरोबरीने फिरले तर उत्तम. चकजवळचा दोन-तीन फेरे पुढे जातो आणि मग लांबचा एकदम धक्का खाऊन मागून धावतो, असं दिसलं तर स्विव्हल अडकतोय, आणि तारेचा दोष समजून तुम्ही आजवर जी तार बदलत होतात ती बिचारी चांगलीच असणार.

आता निवडायचं कसं. आमच्याकडे येणारे दहातले आठ जण पहिलं विचारतात, "किती किलोचा आहे?" हा प्रश्न मासेवाल्यांचा आहे हो, त्यांचा बरोबरच आहे, तिकडे खडकावरून गळ टाकला आणि जिताडा लागला तर ताकद हवीच. तारकामाला ती किलोची भानगड जवळजवळ निरुपयोगी आहे. एडब्ल्यूजी २६ ची (एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) नरम तांब्याची तार घ्या, जाडी ०.४ मिमी, ती अडीच-तीन किलोच्या आसपास तुटतेच आणि त्याच्या बरीच आधी लांबायला लागते. मग चाळीस किलोचा स्विव्हल घेऊन करणार काय? उलट मोठ्या स्विव्हलचं अंग जड, आणि बारीक तारेच्या अंगात त्याला फिरवण्याएवढा जोरच नसतो. तार जेवढी बारीक तेवढा स्विव्हल हलका फिरणारा पाहिजे, आमचा सगळा सल्ला एवढाच आहे, बाकी सगळी त्याचीच फोड.

साधा पितळी बॅरल स्विव्हल स्वस्त असतो, हातात घेऊन फिरवला तर मस्त फिरतो, आणि लोक तिथेच फसतात. आत बेअरिंग नसतं, कडीचं डोकं नुसतं बॅरलच्या भोकावर घासतं, त्यामुळे ताण आला की जाम. क्रेन किंवा रोलिंग म्हणतात तो त्याच्यापेक्षा बरा आणि मजबूत, पण बेअरिंग त्यातही नसतं. कामाचा म्हणाल तर बॉल बेअरिंगवाला, त्याच्या आत बारीक गोळ्या असतात आणि ताण त्या गोळ्यांवर येतो म्हणून ओढ असतानाही तो फिरतो.

आता नाव बॉल बेअरिंगचं आणि आत काहीच नाही असला मालही बाजारात भरपूर आहे. आमच्याकडून घ्या नाहीतर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन घ्या, एक टेस्ट मात्र करा. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली, म्हणजे साधारण एक किलो, स्विव्हलला लटकवा आणि बाटलीला हलकासा झटका द्या. चांगला असेल तर बाटली गुपचूप फिरत राहते आणि सावकाश थांबते, बेकार असेल तर अर्ध्या फेऱ्यात अडखळते आणि बोटाला करकर लागते. बाटली दोऱ्याने बांधू नका पण, एस आकाराच्या तारेच्या हुकाने लटकवा, कारण दोरा स्वतःच पीळ खातो आणि तुम्हाला वाटतं स्विव्हल फिरतोय!

कडी वेल्डेड घ्या. की-चेनला असते तसली दुपदरी कडी असेल तर बारीक तार तिच्या फटीत घुसते आणि सगळा जीव त्या फटीतून तार काढण्यात जातो.

नंबरांचा घोळ तर विचारूच नका. बॅरलमध्ये नंबर वाढला की माल लहान होतो, १२ नंबर बारका आणि १ नंबर मोठा, आणि बॉल बेअरिंगमध्ये बहुतेक वेळा बरोबर उलटं. म्हणून फोनवर "तीन नंबर द्या" म्हणू नका, तारेची जाडी मिमीमध्ये सांगा, आम्ही जोडी लावून देतो. आणि तारेचा नुसता गेज पण सांगू नका हां, लोहार चाळीच्या बाजारात तांब्याची तार एसडब्ल्यूजीने, म्हणजे ब्रिटिश मापाने मिळते आणि व्हिडिओवाले सगळे एडब्ल्यूजी बोलतात, २६ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.४५७ मिमी आणि २६ एडब्ल्यूजी म्हणजे ०.४०५ मिमी, फरक छोटा दिसतो पण दोन-तीन कोअर शेजारी शेजारी ठेवून गुंडाळायला घेतल्या की लगेच कळतो.

व्हिडिओंवरून आठवलं. हे गुंडाळायचं तंत्र शिकवणारे बरेचसे व्हिडिओ वेप कॉइल, म्हणजे ई-सिगारेटमधली तापणारी तार बनवणाऱ्यांचे आहेत, त्यांच्यातल्या एका प्रकाराला क्लॅप्टन म्हणतात, गिटारच्या तारेसारखं दिसतं म्हणून एरिक क्लॅप्टनचं नाव. तंत्र शिकायला बघा, आम्हीही बघितलेत. पण आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, विक्रीला पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्विव्हलवर बंदी नाही, तो मासेमारीचा आणि तारकामाचाच माल आहे, पण त्या कामासाठी कोणी मागायला आलं तर आम्ही हात जोडतो. दागिने, हॉबी, गळ, यासाठी कधीही या.

आता टिकवायचं. मुंबईची हवा म्हणजे खारट आणि दमट, त्यात आपल्या हाताचा घाम, तारेचा चुरा, कापसाची तुसं. स्टेनलेस असलं म्हणून गंजत नाही हा गैरसमज आहे, आतल्या गोळ्या बऱ्याचदा कडक स्टीलच्या असतात आणि बाहेरचं अंग चकचकीत असताना त्या आतून लाल पडतात. जुलैत खिडकीजवळच्या ड्रॉवरमध्ये आमच्याच गल्ल्याखाली पडलेला एक डबा असा गेला, वरून नवाकोरा, आणि बाटली लटकवली तर सगळे करकर. दुकानदाराचीच ही गत, तेव्हा तुम्हाला काय बोलणार.

करायचं असं. पंधरा-वीस तास काम झालं किंवा झेंडे मागे पडायला लागले की स्विव्हल सुटा काढा, छोट्या झाकणाच्या बाटलीत आयपीए घ्या (म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाले वापरतात तेच, त्यांना विचारलंत तर कुठे मिळतं ते सांगतील) आणि त्यात अर्धा तास बुडवून मधून मधून खळखळवा. आयपीए काळपट झाला की समजा घाण निघतेय, दुसऱ्यांदा ताजा घ्या. हे गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, खिडकी उघडी ठेवून, भयंकर पेट घेतं ते. मग कागदावर टाकून पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. सुकला की शिलाई मशिनचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त एक थेंब, जिथे दांडी अंगात शिरते तिथे. थेंब आत ओढला जाताना दिसतो, तिथे थांबायचं. हाताने शंभरेक फेरे फिरवा आणि जास्तीचं तेल पुसा, नाहीतर ते उडून तारेवर बसतं आणि पीस प्लेटिंगला दिल्यावर डाग घेऊन परत येतो, मालाडच्या दोन-तीन ताईंनी हा अनुभव घेतलाय.

ग्रीस लावू नका, जड होतो. डब्ल्यूडी-४० ने पाणी निघतं, चिकटलेलं सुटतं, पण वंगण म्हणून ते फार टिकत नाही, ते मारलंत तरी नंतर तेलाचा थेंब हवाच. आणि कृपा करून खोबरेल नको! एका ताईंनी घातलं, दिवाळीपर्यंत लोण्यासारखा फिरला, आणि जानेवारीत सकाळी सकाळी फोन, "दादा, तुमचा स्विव्हल मेला." मेला नव्हता, गोठला होता. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली घट्ट होतं आणि जानेवारीच्या पहाटे मुंबईसुद्धा तेवढी थंड असतेच. उन्हात ठेवला तर फिरला, पण नंतर आतलं चिकट झालेलं काढायला तीन वेळा आयपीए लागला.

गळवाल्यांनी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचा. उद्या नाही, त्याच संध्याकाळी.

ठेवताना बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी डबीत टाकायची, पावसाळ्यात महिन्याने बदलायची. नाजूक कामाला दोन स्विव्हल एकामागे एक जोडलेत तर एक अडला तरी दुसरा सांभाळून घेतो, आम्ही स्वतः तसंच करतो. आणि ओढणी, मोकळे केस, बांगड्या ड्रिलपासून लांब, डोळ्याला चष्मा, तुटलेली तार चाबकासारखी येते.

स्विव्हल घेतल्यापासून पंधरा दिवसांत बाटलीच्या टेस्टला नापास झाला तर आणून द्या, काही न विचारता बदलून देऊ. म्हणजे एक विचारूच, तेल कुठलं घातलंत?