नुसती स्प्रिंग बदलून ट्रक पळत नाही

परवा भाच्यानं मोबाइल नाकासमोर धरला. अमेरिकेतली ड्रॅग रेस. काळा धूर ओकत एक गाडी ४०२ मीटरची, म्हणजे पाव मैलाची, सरळ पट्टी कापत होती. "मामा, ट्रक हाय ह्यो! नुसत्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्यात बघा."

तिकडे पिकअपलाही ट्रक म्हणतात. आपल्या कोल्हापुरात ट्रक म्हटलं की शिरोलीच्या नाक्यावरचा दहाचाकी डोळ्यांसमोर येतो. पण इंजिनाचं गोत्र एकच निघालं: ५.९ लिटर, सहा सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह, कमिन्सची बी सिरीज. अमेरिकेत ते १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसलं, आणि टाटा-कमिन्सनं जमशेदपुरात याच घराण्यातली इंजिनं आपल्या ट्रकांसाठी बनवली. म्हणजे उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या फिटरच्या हाताखालून गेलेलं इंजिन.

आता भाच्याचा गैरसमज. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरच्या झडपा, हवा आत घेणारी आणि धूर (एक्झॉस्ट) बाहेर सोडणारी. व्हॉल्व्हची स्प्रिंग ताकद देत नाही. तिचं काम एकच, उघडलेला व्हॉल्व्ह वेळेवर मिटवणं. कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, त्याच्यावर टेकलेल्या टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडच्या लांब नळीला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. पण कॅमला फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही. परतीचा सगळा प्रवास स्प्रिंगच्या जिवावर.

रंकाळ्याकडे जाताना गतिरोधक लागतो, तो आठवा. सावकाश गेलात तर चाक उंचवट्याला चिकटून चढतं आणि चिकटूनच उतरतं. जोरात गेलात तर माथ्यावर चाक रस्ता सोडतं, आणि पुढं आपटतं. कॅमचा उंचवटा म्हणजे हाच गतिरोधक. वेग वाढला की टॅपेट कॅमला सोडून हवेत जातो. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर व्हॉल्व्ह आणि त्याच्यात जागा जेमतेम उरते. मिटायला उशीर झालेला व्हॉल्व्ह थेट पिस्टनच्या डोक्यावर आदळतो. पुढचं बिल मालकाला विचारा.

हा धोका किती वाढतो? व्हॉल्व्ह वेळेवर मिटवायला स्प्रिंगला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मिनिटाला २५०० फेऱ्यांचं इंजिन ४००० वर नेलं तर फेऱ्या १.६ पट, पण जोर २.५६ पट. कॅम क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ४००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ३३ वेळा उघडमीट करतो. शर्यतवाले आधी डिझेल पंपातल्या, फेऱ्यांना आवर घालणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलतात, मग इंजिन तिथवर चढतं. ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेऱ्या, तेव्हा वरच्या फेऱ्यांनाही टॉर्क टिकला तर ताकद वाढते. व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा त्या फेऱ्या सोसू देतात, बस्स.

इथपर्यंत सोपं आहे. आता मला आवडणारा भाग. रॉकर ही तरफ आहे. समजा तिचं गुणोत्तर १.५ आहे, म्हणजे पुशरॉड १ मिलिमीटर सरकला की व्हॉल्व्ह १.५ मिलिमीटर. वेगही दीडपट, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर, म्हणून २.२५ पट. थोडक्यात, व्हॉल्व्हच्या बाजूचे १० ग्रॅम स्प्रिंगला पुशरॉडच्या बाजूच्या साडेबावीस ग्रॅमइतके जड वाटतात. स्प्रिंगचं स्वतःचं वजनही यात धरायचं, साधारण एक तृतीयांश. म्हणून जाणता माणूस व्हॉल्व्हवरची स्प्रिंग धरणारी वाटी हलकी करतो, आणि पुशरॉड मात्र बिनधास्त जाड घेतो. पुशरॉड लवला तर ती नको तिथली दुसरी स्प्रिंगच होते: आधी दबते, मग उसळून व्हॉल्व्हला कॅमच्या मर्जीबाहेर फेकते. नळीचा व्यास आणि भिंत दोन्ही १० टक्क्यांनी वाढवली, तर वजन २१ टक्के वाढतं आणि वाकण्याला विरोध ४६ टक्के, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. सौदा फायद्याचा.

दुसरा शत्रू टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, बाजूनं येतो. हवा आत येत असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटलेला असतो. त्याच्या मागं एक्झॉस्टचा दाब, पुढं टर्बोनं भरलेल्या हवेचा. मागचा दाब एका बारनं जास्त झाला, आणि व्हॉल्व्हचं तोंड ४० मिलिमीटरचं धरलं, तर सुमारे १३ किलोंचा जोर त्याला ढकलून उघडू पाहतो. नेमकं हेच एक्झॉस्ट ब्रेकमध्येही होतं. आंबा घाटातून कोकणात उतरताना ड्रायव्हर तो ब्रेक लावतो तेव्हा एक्झॉस्टची वाट अडते, दाब चढतो आणि व्हॉल्व्ह सीटवरून, म्हणजे मिटून बसायच्या जागेवरून, उचलला जाऊ पाहतो. शर्यतीच्या पट्टीवरचं दुखणं आणि घाटातलं दुखणं एकाच घरचं. बंपरला टांगलेली लिंबू-मिरची त्या व्हॉल्व्हला सीटवर दाबून धरत नाही, ते काम स्प्रिंगचंच.

"मग मामा, आपल्या ट्रकला टाकूया की कडक स्प्रिंगा!"

नको. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे असतात, कॅमवर घासत चालतात आणि घासताना स्वतःभोवती फिरतात. स्प्रिंग जितकी कडक तितका त्या दोघांमधल्या तेलाच्या पातळ थरावर भार जास्त, आणि तो थर फाटला की कॅमचा उंचवटाच झिजतो. उसाची खेप घेऊन कारखान्याकडे निघालेला ट्रक ४००० फेऱ्या कशाला बघेल? शेवटी आम्ही दोघांनी थंड इंजिनावर फिलर गेजची पातळ पट्टी घालून टॅपेटची फट तपासली. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.५१, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. दोन एक्झॉस्ट घट्ट निघाले. भाच्यानं ते स्वतः सैल केले, आणि पुढचा तपासताना मोबाइल वाजला म्हणून पाना माझ्या हातात दिला.