पार्श्वभूमी : दाताची ‘कीड’ किती खरवडायची?

‘दाताला कीड लागली’ असं म्हणताना आपण नकळत काही हजार वर्षांपूर्वीचं निदान उच्चारत असतो. दातात अळी शिरते आणि आतून पोखरते, ही समजूत बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर आहे, आयुर्वेदातल्या ‘कृमिदंत’ या नावात आहे आणि युरोपातही ती शतकानुशतकं टिकून होती. खुरासानी ओव्याचं बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात द्यायची आणि जवळ पाण्याचं भांडं ठेवायचं, असा एक उपाय होता. बी तडकलं की आतला पांढरट कोंब उडून पाण्यात पडे, आणि रुग्णाला तीच अळी म्हणून दाखवली जाई. त्या बियांत गुंगी आणणारं द्रव्य असतं, त्यामुळे ठणकाही काही वेळ थांबत असे. पुरावाही हाती, आरामही पदरात. १७२८ साली पॅरिसमध्ये छापलेल्या दंतवैद्यकाच्या एका ग्रंथाने अशी अळी आढळत नसल्याचं स्पष्ट लिहिलं. अळी गेली, शब्द मात्र राहिला.

पुढचा मोठा टप्पा १८९०चा. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या एका अमेरिकन संशोधकाने काढलेले दात लाळेत ठेवले. सोबत पाव किंवा साखर असेल तर दातातला चुना विरघळायचा. नुसतं मांस असेल तर नाही. तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि दात झिजतो, ही मांडणी आजही पायाभूत आहे. १९२४मध्ये लंडनमध्ये यातला एक प्रमुख जंतू वेगळा काढला गेला. १९५४मध्ये जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर देऊनही त्यांचे दात किडले नाहीत.

इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो शब्दापासून. इंग्रजीत ‘कॅरीज’ म्हणजे आजार आणि ‘कॅव्हिटी’ म्हणजे त्या आजाराने शेवटी पडलेला खड्डा. रोजच्या मराठीत आपण दोन्हींना ‘कीड’च म्हणतो. ‘दंतक्षय’ हा शब्द प्रक्रियेच्या जास्त जवळचा, पण तो पाठ्यपुस्तकात राहिला. फरक वरवर किरकोळ वाटतो. पण कीड म्हणजे दातात बसलेली वस्तू असं धरलं, तर ती शेवटच्या कणापर्यंत उकरून काढणं हाच उपचार ठरतो. तीच एक चालू घडामोड मानली, म्हणजे आम्लाने क्षार जाणं आणि लाळेने ते परत येणं, तर उकरणं हा त्यातला एक भाग उरतो, तोही बऱ्याचदा टाळण्याजोगा. इंग्रजीत दोन शब्द असूनही तिकडचे दंतवैद्य विसाव्या शतकाचा बराच काळ कीड म्हणजे उकरून काढायची वस्तू असंच धरून वागले.

त्याचं कारण १९०८ साली पाठ्यपुस्तकात पक्क्या झालेल्या एका नियमात आहे. दात भरताना किडलेला भाग तर काढायचाच, शिवाय शेजारच्या धडधाकट खाचाही कोरून घ्यायच्या, म्हणजे पुढे तिथे कीड लागायला जागाच उरणार नाही. ‘प्रतिबंधासाठी विस्तार’ असं त्याचं नाव. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळात हा आडमुठेपणा नव्हता. फ्लोराइडची पेस्ट नव्हती. भरण्यासाठी हाताशी होतं ते प्रामुख्याने पाराचांदीचं मिश्रण, आणि ते दाताला चिकटत नाही. त्याला आत अडकून राहायला खोबण लागते. भरलेल्या जागेची कड अन्न साचणाऱ्या खाचेत आली, की तिथूनच पुन्हा किडायला सुरुवात व्हायची. म्हणून कड जिभेने आणि ब्रशने साफ होणाऱ्या जागेपर्यंत न्यायची. आहे त्या साहित्यात हा शहाणपणाचा हिशोब होता.

गडबड झाली ती हिशोब बदलल्यावरही नियम न बदलल्याने. १९५७मध्ये एअरोटर, म्हणजे दात कोरणारं हवेवर फिरणारं यंत्र, बाजारात आला, मिनिटाला काही लाख फेरे घेणारा. पूर्वी कष्टाचं असलेलं कोरकाम काही सेकंदांवर आलं. छोटं फिलिंग काही वर्षांनी निसटतं, मग त्याहून मोठं बसवायचं, मग दाढेची भिंत तुटते, मग रूट कॅनॉल, कॅप आणि शेवटी दाढ काढणं. ही उतरंड दवाखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तिची पहिली पायरी अनेकदा नको तिथे फिरलेला एअरोटर असते.

दुसऱ्या बाजूने पुरावा साचत होता. कीड खड्ड्यापासून सुरू होत नाही, पांढऱ्या डागापासून होते. हा डाग ओल्या दातावर दिसत नाही. पाच सेकंद हवा मारून दात कोरडा केला की खडूसारखा उमटतो. क्षार गेल्याने इनॅमलमध्ये बारीक छिद्रं पडलेली असतात. त्यांत पाणी असतं तोवर प्रकाशाला फारसा फरक जाणवत नाही. पाण्याच्या जागी हवा आली की प्रकाश विखुरतो. यात वरचा पापुद्रा बहुतेक शाबूत असतो. टोकदार सळई दाबून ‘अडकते का’ पाहण्याची जुनी सवय नेमका हाच पापुद्रा फोडू शकते. हात लावला नाही, साखरेची वारंवारता कमी केली आणि फ्लोराइड मिळत राहिलं, तर असा डाग थांबतो, कधी भरूनही येतो.

मग खोल किडीचं काय? १९९८मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. काही दाढांत किडका भाग मुद्दाम आत ठेवून वरून दातरंगी फिलिंग आणि सीलंटने, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या लेपाने, घट्ट बंद केलं होतं, आणि आतली कीड पुढे सरकली नव्हती. अन्न तोडलं की जंतू उपाशी पडतात. स्कॉटलंडमध्ये दुधाच्या किडक्या दाढांवर सुई न टोचता, काहीही न कोरता स्टीलची टोपी बसवण्याची पद्धत याच तत्त्वावर रुळली. २०१५मध्ये बेल्जियममधल्या एका बैठकीत तज्ज्ञांनी सहमती केली : नस जिवंत असेल आणि दात ठणकत नसेल, तर खोल खड्ड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ करायच्या, नसेवरचा मऊ थर मात्र तसाच ठेवून बंद करायचं.

विरोध संपलेला नाही आणि तो पूर्ण बिनबुडाचाही नाही. आत सोडलेला मऊ थर एक्स-रेवर काळी सावली म्हणूनच दिसतो. रुग्ण उद्या दुसऱ्या दंतवैद्याकडे गेला, की ‘आधीच्यांनी कीड तशीच ठेवलीय’ हे वाक्य ठरलेलं. शिवाय सगळा भरवसा वरच्या बंदिस्तपणावर आहे. ते फिलिंग गळकं निघालं तर युक्तिवाद कोसळतो. तरीही नस उघडी पाडून रूट कॅनॉल ओढवून घेण्यापेक्षा हा धोका मला कमी वाटतो.

फ्लोराइडची कथा इतक्यांदा सांगितली गेलीय की इथे थोडक्यातच. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या तपकिरी दातांचं कोडं १९०१पासून पडलेलं, १९३१मध्ये त्यामागचं कारण पाण्यातलं फ्लोराइड असल्याचं उलगडलं, आणि २५ जानेवारी १९४५ला मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये दात कमी किडावेत म्हणून ते मुद्दाम पाण्यात मिसळायला सुरुवात झाली. फ्लोराइडची पेस्ट घरोघर पोचल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा जादा फायदा कमी झालेला दिसतो. २०२५मध्ये यूटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी ते मिसळणं बंद केलं. साखरेबाबतचा निर्णायक पुरावा मात्र ज्या स्वीडिश प्रयोगातून आला, तो बौद्धिकदृष्ट्या अपंग रुग्णांना चिकट टॉफ्या खायला घालून केलेला होता. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट, हे महत्त्वाचं, असं त्यातून कळलं. त्या रुग्णांना कुणी विचारलं नव्हतं.

किडलेला भाग काळा पाडून कडक करणारं चांदी-फ्लोराइडचं द्रावण जपानमध्ये १९७०च्या सुमाराला वापरात आलं. अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत ते २०२१मध्ये शिरलं. पाराचांदीच्या मिश्रणावर युरोपीय संघात २०२५पासून जवळपास बंदी आहे. खोबण मागणारं ते साहित्यच आता मागे पडत चाललं आहे.

मोजमाप मात्र जुन्याच शब्दाला धरून आहे. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मोजून बेरीज करण्याचा १९३८चा निर्देशांक सर्वेक्षणांत अजून चालतो. त्यात एकदा भरलेला दात कायमचा धरला जातो, त्यामुळे माणसाचा आकडा वाढू शकतो किंवा स्थिर राहू शकतो. घटायला जागा जवळपास नाही. २०००नंतर आलेल्या नव्या पद्धतीत शून्य ते सहा अशा पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी हवा मारल्यावरच दिसणाऱ्या डागाची आहे. जुन्या बेरजेत तो डाग नोंदलाच जात नाही, त्यामुळे तो बरा झाल्याचीही नोंद होत नाही.