दुचाकीचा पुढचा फोर्क : दोषनिदान आणि जुळणी

मोटारसायकलचे पुढचे चाक हँडलशी जोडणारी, खड्ड्यांचे धक्के जिरवणारी आणि ब्रेक लावल्यावर पुढे येणारा भार पेलणारी दोन पायांची रचना म्हणजे पुढचा फोर्क. रोजच्या बोलण्यात याला ‘पुढचे शॉकअप’ म्हणतात. प्रत्येक पायात एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्या असतात : आतली गुळगुळीत, क्रोम चढवलेली ती पाइप आणि बाहेरची ती बॉटम. पाइप वरच्या व खालच्या ‘टी’मध्ये, म्हणजे दोन्ही पाय एकत्र धरणाऱ्या पकडींत, आवळलेले असतात, तर बॉटमच्या तळाशी चाकाचा ॲक्सल बसतो. उलट्या फोर्कमध्ये जाड नळी वर आणि क्रोमची नळी खाली असते. आत स्प्रिंग, तेल, डॅम्पर (तेलाची वाट आवळून हालचाल आवरणारा भाग), घसरते बुश (दोन नळ्यांमधल्या कड्या), ऑइल सील आणि त्यावर धूळ अडवणारे डस्ट सील असते. तेलाने उसळी आवरणारा असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीवर उत्पादनात आणला. आजच्या साध्या गाडीतला फोर्क मूळ कल्पनेत त्याहून फार वेगळा नाही.

स्प्रिंग भार पेलते, पण दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उलटते. ती उसळी आवरणे हे तेलाचे काम. साध्या फोर्कमध्ये डॅम्पर रॉडला बारीक भोके असतात आणि तेल त्यांतून रेटले जाते. भोकातून तेल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट. त्यामुळे असा फोर्क ब्रेक लावताना सावकाश आणि फार खाली बसतो, आणि धारदार खड्ड्यात मात्र हाताला हिसका देतो. ही या रचनेचीच मर्यादा आहे. नुसते जाड तेल घातल्याने बसणे थोडे कमी होते, पण हिसके वाढतात. कार्ट्रिज फोर्कमध्ये भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. जोर वाढला की चकत्या वाकून वाट मोठी करतात, म्हणून दोन्ही वेगांना वेगवेगळे आवरता येते.

आधी फोर्कच्या बाहेर पाहावे

फोर्कचे म्हणून सांगितले जाणारे कितीतरी दोष फोर्कचे नसतात. टायरमध्ये हवा जास्त असेल तर पुढचा भाग दगडासारखा लागतो. हवा कमी असेल तर हँडल जड होते आणि गाडी वळणात लोळल्यासारखी वाटते. म्हणून टायर थंड असताना हवा मोजणे ही पहिली पायरी.

ब्रेक लावताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर पुढचे चाक अधांतरी घेऊन दोन्ही बॉटम तळाशी धरावेत आणि पुढेमागे हलवावेत. दुसऱ्या कोणी त्याच वेळी खालची टी आणि फ्रेम यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) ढिला आहे. सांधा स्थिर असून पाइप आणि बॉटममध्ये खेळ जाणवला तर बुश झिजले आहेत. हँडल सावकाश फिरवताना बरोबर मध्यभागी ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. तो आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

यानंतर घर्षण. फोर्क हाताने दाबून सोडल्यावर वर येताना मधेच अडकत असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही पाय एकमेकांना समांतर नसतात. चाक काढून बसवल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर शंका ॲक्सलवर घ्यावी. ज्या फोर्कला ॲक्सल आवळणारे बाजूचे बोल्ट असतात, त्यांचा क्रम असा : ते बोल्ट ढिले ठेवून ॲक्सल पूर्ण आवळावा, गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा जोराने खालीवर करावा, ढिल्या बोल्टांचा पाय ॲक्सलवर आपली जागा घेतो, आणि मगच बाजूचे बोल्ट आवळावेत. पाच मिनिटांच्या या कामाने जेवढा मऊपणा येतो तेवढा महागड्या तेलानेही येत नाही.

गाडी पडल्यावर हँडल किंचित तिरके झाले म्हणजे पाइप वाकलाच असे नाही. अनेकदा पाय टीमध्ये नुसते पिळलेले असतात. खालच्या टीचे बोल्ट, ॲक्सल आणि मडगार्डची पट्टी ढिली करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केले की पीळ निघतो. खरा वाक तपासायचा तर पाइप बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवावा आणि वाक डायल गेज या काट्याच्या मापाने मोजावा. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. वाकलेला पाइप पुन्हा सरळ करून वापरण्यापेक्षा नवा घालणे शहाणपणाचे, कारण तो अंगावर बेतणारा भाग आहे.

‘फोर्क कडक आहे’ या तक्रारीचा उलगडा

निदानात सर्वाधिक चुका इथे होतात, कारण अगदी उलट कारणांनीही हाताला तोच कडकपणा लागतो. स्प्रिंग कडक असेल तर फोर्क खड्ड्यात बसतच नाही. स्प्रिंग मऊ असेल तर फोर्क आधीच खाली बसलेला असतो, उरलेल्या थोड्या प्रवासात (सरकण्याच्या अंतरात) आतली हवा दाबली जाऊन घट्ट होते, आणि हाताला लागतो तो पुन्हा धक्काच. रिबाउंड (फोर्क वर येताना होणारा तेलाचा विरोध) फार आवळलेला असेल तर एका खड्ड्यातून फोर्क पूर्ण वर येण्याआधीच दुसरा येतो. दर खड्ड्याला तो आणखी खाली जातो आणि चौथ्या-पाचव्या खड्ड्याला आदळतो.

हे ओळखायला एक केबल टाय पुरतो. पाइपभोवती तो घट्ट बसवून बॉटमच्या सीलपर्यंत खाली सरकवावा आणि नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ब्रेकिंगसह चालवून यावे. टाय सीलपासून थोडाच वर सरकला आणि तरी हात दुखले, तर स्प्रिंग कडक, तेल जाड किंवा घर्षण जास्त. टाय पार वरच्या टोकाला गेला, तर स्प्रिंग मऊ, तेलाची पातळी कमी किंवा रिबाउंड जास्त आवळलेला. पहिला खड्डा मऊ आणि ओळीने आलेले पुढचे खड्डे कडक, अशी तक्रार असेल तर रिबाउंडच धरावा. एरवीच्या वापरात टोकाला १० ते १५ मिमी प्रवास शिल्लक राहावा, तो अचानक येणाऱ्या मोठ्या खड्ड्यासाठी.

सील गळणे

पाइपवर तेलाचे कडे दिसणे ही सुरुवात. ते ओघळून ब्रेक पॅडपर्यंत पोचले तर ब्रेक लागत नाही, म्हणून गळका फोर्क घेऊन गाडी चालवू नये. तेल प्यायलेले पॅड धुऊन भरवशाचे होत नाहीत, नवे घालावेत आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी.

दर वेळी सील फाटलेलेच असते असे नाही. चिखल सुकून त्याचा कण सीलच्या ओठाखाली अडकतो आणि तेवढ्यावरून तेल झिरपते. डस्ट सील स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून पाइपवर वर सरकवावे, खाच साफ करावी, आणि गुळगुळीत कडेची प्लॅस्टिकची पातळ पट्टी ऑइल सीलच्या ओठाखाली सरकवून पाइपभोवती फिरवून कण बाहेर ओढावा. नंतरही गळत असेल तर सील बदलावे. पण त्याआधी पाइपवर नख फिरवून पाहावे. सील जिथून घसरते त्या भागात गंजाचा खड्डा असेल तर नवे सीलही काही दिवसांत फाटते. खड्ड्याच्या कडेचे वर आलेले बारीक टोक १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे घासून बसवता येते. क्रोम पापुद्र्यासारखे सुटत असेल तर पाइप गेला असे समजावे.

उघडणे, तेल भरणे

गाडी भक्कम उभी करावी आणि पुढचे चाक अधांतरी घ्यावे. वरच्या टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून टोपणाच्या रेषेत तोंड आणू नये. क्रम इथे महत्त्वाचा. वरच्या टीचा बोल्ट सोडून, पाइप खालच्या टीत पकडलेला असतानाच टोपण अर्धा फेरा ढिले करावे. पाइप बाहेर आल्यावर ते हाताने धरून सुटत नाही. तळाचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सैल करावा, कारण स्प्रिंगच्या दाबाने डॅम्पर रॉड जागेवर राहतो. नाहीतर बोल्टबरोबर रॉड गरगर फिरतो. ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने टांगावा.

पाय बाहेर आला की तेल ओतून त्याचा रंग पाहावा. करडे, चंदेरी झाक असलेले तेल म्हणजे बुशची झीज. दुधाळ तेल म्हणजे आत शिरलेले पाणी. सील अडवणारी तारेची क्लिप काढून पाइप हातोड्यासारखा दोन-चार वेळा झटक्याने ओढला की सील बुशसकट बाहेर येते. बुशच्या राखाडी थराखालून तांबूस धातू दिसू लागला असेल तर बुश बदलावा. स्प्रिंगचे दाट वेढे वर होते की खाली, हे काढतानाच लिहून ठेवावे.

नवे सील चढवताना पाइपच्या टोकाला तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी, कारण टोकाची धार ओठ कापते. नंबर छापलेली बाजू वर. सील सरळ ठोकायला हत्यार नसेल तर जुने सील वर ठेवून सगळीकडून सारखे ठोकावे, क्लिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत. तळाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घालावे. ते वाचवायला गेले की तेल खालून ठिबकते, आणि ते सीलचेच गळणे समजून पुन्हा सगळे उघडले जाते.

तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचे घ्यावे. १०डब्ल्यू लिहिलेली दोन कंपन्यांची तेले सारखी जाड असतातच असे नाही. डब्यावर ४० अंश सेल्सिअसला दिलेला सेंटीस्टोक्सचा (तेलाच्या जाडपणाचा) आकडा जुळवावा. तेल ओतून फोर्क दहा-पंधरा वेळा सावकाश खालीवर करावा, मग दहा मिनिटे उभा ठेवून बुडबुडे जाऊ द्यावेत. यानंतर स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर दोन्ही पायांत सारखे असणे मिलिलिटर मोजण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे, कारण जुने तेल आत किती चिकटून राहिले ते कळत नाही. पातळी १० मिमीने वाढवली की वरची हवा कमी होते आणि प्रवासाचा शेवटचा भाग कडक होतो. सुरुवातीच्या भागावर फारसा परिणाम होत नाही. एका वेळी ५ मिमीपेक्षा जास्त बदलू नये. पातळी फार वाढवली तर हवेचा दाब सीलच फोडतो. आतला व्यास ३८ मिमी असेल तर १० मिमी पातळीला साधारण ११ मिलि तेल लागते.

सॅग आणि स्प्रिंग

चालक नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसह बसल्यावर फोर्क जितका खाली बसतो तो सॅग. रस्त्यावरच्या वापरासाठी तो एकूण प्रवासाच्या ३० ते ३३ टक्के धरतात. घर्षणामुळे एका मोजणीवर विसंबता येत नाही. उदाहरणार्थ, चाक अधांतरी असताना खालच्या टीपासून सीलपर्यंतचा उघडा पाइप १५० मिमी आहे. चालक बसवून, फोर्क खाली दाबून सावकाश वर येऊ दिला तर १०४ मिमी आणि वर उचलून सावकाश खाली सोडला तर ११२ मिमी. सरासरी १०८, म्हणजे सॅग ४२ मिमी. प्रवास १३० मिमी असेल तर हे ३२ टक्के, ठीक आहे. दोन मापांतला ८ मिमीचा फरक म्हणजे घर्षण. तो टिपून ठेवावा आणि ॲक्सल जुळवल्यावर पुन्हा मोजावा.

प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळल्याने स्प्रिंग कडक होते हा पक्का रुजलेला गैरसमज आहे. प्रीलोड फक्त गाडीची उंची बदलतो. ५ मिमी आवळला की सॅग ५ मिमीने कमी होतो, मिलिमीटरमागे लागणारा जोर तोच राहतो. सॅग जुळवण्यासाठी प्रीलोड इतका वाढवावा लागला की चालक उतरल्यावर फोर्क जवळजवळ पूर्ण ताठ उभा राहतो, तर स्प्रिंगच मऊ आहे. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो : बाकी मापे तीच ठेवून तार ४ मिमीऐवजी ४.२ मिमी घेतली तरी स्प्रिंग सुमारे २१ टक्के कडक होते. म्हणून डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगा बदलून घालू नयेत.

डॅम्पिंग आणि उंची

डॅम्पिंग (तेलाचा विरोध) कमीजास्त करणारे स्क्रू असलेल्या फोर्कमध्ये आधी घड्याळाच्या दिशेने, जोर न लावता, स्क्रू बंद होईपर्यंत क्लिक मोजून लिहावेत, मग तेवढेच उघडून मूळ जागी आणावे. जोर लावला तर आतली सुई आपली बैठक खराब करते. एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक, आणि त्याच रस्त्यावर चाचणी. रिबाउंड आधी लावावा : फोर्क दाबून सोडल्यावर तो एकदाच वर येऊन थांबावा, पुन्हा खालीवर झुलू नये. कॉम्प्रेशन (फोर्क खाली बसताना होणारा विरोध) शेवटी.

पाइप टीमधून वर सरकवला की गाडीचे नाक खाली येते आणि वळणे हलकी होतात, पण वेगात सरळ धावताना गाडी अस्थिर होऊ शकते. ३ ते ५ मिमीच्या पायरीने जावे, दोन्ही बाजू व्हर्नियरने सारख्या कराव्यात. आवळण्याआधी फोर्क पूर्ण दाबल्यावर टायर किंवा मडगार्ड रेडिएटरला, एक्झॉस्टला अथवा खालच्या टीला लागत नाही ना, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे.